एक टक्, दोन टक्

३ फेब्रुवारी, सोमवार

चोरला! माझा खटका चोरला!

आणि नुसता खटका नव्हे. ती पितळी पेटी, आतला आकडा, आकडा अडकायची खाच, खाचेच्या तोंडाला मी कानशीने देतो तो तिरका उतार — सगळं जसंच्या तसं. सकाळी 'नुसते हात' या चॅनेलचा नवा व्हिडिओ लावला आणि हातातला चहा हातातच राहिला. माणसाच्या उंचीची गलोल बनवतोय, लाकडी चौकटीतली. रबर अजून चढवलेलं नाही. पण रबर मागे ओढून अडकवायला जे बसवलंय, तो माझा खटका. डोळे मिटून ओळखेन.

खाली नाव आहे का माझं? नाही! नेहमीची एकच ओळ: 'अक्षरं लिहिणाऱ्यांचे आभार.' प्रत्येक व्हिडिओखाली हेच असतं. कसली अक्षरं, कोण लिहिणारे, देव जाणे. काहीतरी गूढ लिहायचं म्हणजे लोकांना वाटतं माणूस खोल आहे.

चौदाव्या वर्षी दुसऱ्याची हत्यारांची पिशवी उचलत फिरलो. कुलपं, शटरं, तिजोऱ्या — बंद दाराला कान लावून आत काय अडलंय ते सांगायला शिकलो. आज दुकान स्वतःचं, आणि दुकानामागच्या खोलीत चॅनेलही स्वतःचं. गलोली, गोफणी, बटाटे उडवणाऱ्या नळ्या. बघणारे मला खटकामामा म्हणतात. एकतीस हजार माणसं म्हणतात!

त्याला नऊ लाख बघतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हिला तो आवडतो. लपवतही नाही. भाजी निवडायला बसली की समोर त्याचाच व्हिडिओ.

"किती शांत वाटतं हो. बोलणं नाही, ओरडणं नाही. नुसतं काम."

म्हणजे मी ओरडतो.

"असं कुठे म्हटलं मी?"

म्हटलं की! बत्तीस वर्षं संसार केलाय, तिने न म्हटलेलंही मला स्पष्ट ऐकू येतं.

तोंड कधी दाखवत नाही तो. कोपरापर्यंत दोन हात, बस्स. मी त्याला मौनीबाबा म्हणतो. छोट्या गलोलीचं रबर ताणलं की त्यावर दोन बोटं टेकवून थांबतो, डॉक्टर नाडी बघतो तसा. नाटकी! रबर किती ताणलंय ते त्याच्या आवाजावरून कळतं. कुरकुरलं की पुरे, किंचाळलं की सोड. बोटं कशाला लावायची? पण नाही, खाली लोकांचं सुरू — 'या स्पर्शात ध्यान आहे.' ध्यान म्हणे!

५ फेब्रुवारी, बुधवार

नऊ लाख चार हजार. बघणार नाही असं ठरवलं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमचा नवा व्हिडिओ तयार. ही अठ्ठावीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होती, आता माझ्या हाताखाली आहे (हे तिला वाचायला मिळता कामा नये). मी व्हिडिओत बोलतो तो शब्द न् शब्द ती टाइप करते, आणि तो पडद्यावर खाली उमटतो. कोण वाचतं कुणास ठाऊक. पण तिला हात रिकामे ठेवता येत नाहीत.

आज टाइप करताकरता विचारते, "टक् लिहू का?"

"कसलं टक्?"

"खटका बसतो त्याचं. आधी लिहायचे मी कंसात. तुम्हीच काढायला लावलंत."

लावलं होतं खरं. सुरुवातीला ती सगळंच लिहायची — (टक्), (रबराची किरकिर), (मामा स्वतःच हसतात). म्हटलं, हे काय नाटकाचं पुस्तक आहे? एका दुपारी सगळ्या व्हिडिओंमधून ते कंस काढायला लावले. आजही तेच सांगितलं. ज्याला कान आहेत त्याला ऐकू येतं, बाई.

"आणि तुमचे विनोद? तेही काढू?"

"विनोद राहू देत."

"हो, ते लिहायलाच हवेत. ऐकून कुणाला कळत नाहीत."

आणि बोटं एकदाही न थांबवता पुढे टाइप करत राहिली!

९ फेब्रुवारी, रविवार

मौन धरून व्हिडिओ काढायचा प्रयोग केला. कल्पना मेहुण्याची. हिचा धाकटा भाऊ, माझा कॅमेरा तोच धरतो. "दाजी, एकदा तोंड बंद ठेवून बघा. सध्या चलती गप्प माणसांची आहे."

 कोपरापर्यंत बाह्या दुमडल्या. चार मिनिटं मी असा गप्प होतो की दुकानातल्या कुलपांनी कान टवकारले असतील. पाचव्या मिनिटाला कानस अंगठ्यावरून घसरली. पुढे मी जे बोललो ते हिने टाइप करायला साफ नकार दिला.

मेहुणा हसून हसून खाली बसला. कॅमेऱ्यात फक्त छत आलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मौनीबाबाचे जुने व्हिडिओ बघत बसलो. चुका काढायला. सापडल्या तीन, त्याही किरकोळ.

एका व्हिडिओत त्याच्या मागच्या फळीवरून खिळ्यांचा पत्र्याचा डबा फरशीवर आदळतो. केवढा आवाज! इथे माझ्या छातीत धस्स झालं. त्याचे हात? हलले नाहीत. कानस एका लयीत चालूच, जणू काही झालंच नाही. खाली लोक वेडे झालेत. 'एकाग्रता असावी तर अशी.' 'हा माणूस नाही, खडक आहे.'

मी तो डबा बारा वेळा पडताना बघितला. बाराही वेळा मी दचकलो, तो एकदाही नाही.

इथे दुसरं कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला हेवा वाटला. खटका चोरल्याचा राग आहेच, पण तो राग दुकानात ओरडून मोकळा होता येतो. हे असं हात न हलणं मला सात जन्मांत जमणार नाही, आणि ते आत कुठेतरी कुसळासारखं टोचतंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हिने आज त्याच्या हातांना 'सुबक' म्हटलं. माझे हात बत्तीस वर्षांत एकदाही सुबक झाले नाहीत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काय ऐकलं ते नीट लिहून ठेवतो.

मौनीबाबाने मोठ्या गलोलीला रबर चढवलं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, एकेका बाजूला आठ. मागे दोर गुंडाळणाऱ्या चरकाने ओढून खटक्यात अडकवलं. मग चौकटीच्या पुढे आला, इथेही गळ्याखालचाच दिसतो, पट्ट्यांच्या मधल्या ताणलेल्या चामड्याच्या खिशासमोर उभा राहिला, चामड्यात कोबीचा गड्डा ठेवला, बाजूला झाला, दोरी ओढली. कोबी वीस पावलांवरच्या जुन्या फ्रिजच्या दारावर जाऊन फुटला. लोक खूश. रविवारी, तेवीस तारखेला हेच लाइव्ह करणार आहे. रबर दुप्पट!

मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. खटका बसताना — टक्-टक्.

दोन.

 माझ्या खटक्याचा आकडा खाचेत नीट उतरला तर एकच आवाज येतो, जाडसर, टक्. दोन आले तर आकडा खाचेच्या कडेवर आपटून तिथेच टेकलाय. वरून बघायला दोन्ही सारखंच, पेटीचं झाकण असतं ना! टेकलेला आकडा दहा वेळा टिकतो. अकराव्या वेळी नुसत्या धक्क्याने सुटतो. माझे वरचे पुढचे दोन दात खोटे आहेत ते त्या अकराव्या वेळेमुळेच. तेही साध्या हातगलोलीने. त्याच्या गलोलीला सोळा पट्ट्या आहेत, लाइव्हला बत्तीस होणार, आणि कोबी ठेवताना त्याची छाती बरोब्बर चामड्यासमोर असते.

हे मी शिकवलंय की! 'खटका कसा बसवावा' हा माझा सगळ्यात जास्त बघितलेला व्हिडिओ. बोट वर करून म्हणतो, "आता ऐका. हे बरोबर." मग चुकीचा बसवून, "हे चूक. कळलं ना?" लोक अजूनही रस्त्यात भेटले की म्हणतात, मामा, आता ऐका! चोराने खटका उचलला, तर कान द्यायला काय झालं होतं?

आणि हेही लिहितो. लिहिताना लाज वाटते. दहाएक मिनिटं मला बरं वाटलं. तेवीस तारखेला काय होऊ शकतं ते डोळ्यांपुढे आलं, आणि बरं वाटलं.

मग दात काढून धुतले. ते हातात घेतल्यावर बरं वाटेना.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मेहुण्याला ऐकवलं. त्याला एकच टक् ऐकू आलं. तीनदा ऐकवलं तरी एकच. म्हणाला, "दाजी, समजा दोन असतील. तुम्हाला कोणी विचारलंय? तुम्ही बोललात की लोक म्हणणार, म्हातारा जळतोय."

"जळतोय तर जळतोय."

"मग गप्प जळा ना!"

हिने मधे तोंड घातलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. ते मला मेहुण्याच्या बोलण्यापेक्षा मोठ्याने ऐकू आलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

त्याच्या व्हिडिओखाली लिहिलं. 'खटका नीट बसलेला नाही. आवाज ऐका. समोर उभं राहू नका.' माझ्या नावानिशी.

तासाभरात दोनशे उत्तरं. 'मामा, मलम लावा.' 'आधी लाखभर लोक जमवा, मग शिकवा.' 'खटकामामांचा खटका पडला.' एकाने तर माझा फोटो टाकला, डोक्यातून धूर निघताना. चांगला काढला होता, खोटं का बोला.

त्या गर्दीत माझी ओळ तळाशी गेली. मीच शोधून पुसून टाकली. सांगितलं ना एकदा? माझं काम झालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

झालं नाही. दिवसभर शटरं उघडली, प्रत्येक शटरात तेच ऐकू आलं. टक्-टक्.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

त्याला थेट खासगीत निरोप पाठवायचं ठरवलं. बोलून. आवाजाचं काम आवाजानेच सांगायला हवं!

पहिला निरोप तीन मिनिटांचा. ओळख, धंदा, दातांची हकीकत. दुसऱ्यात माझा स्वतःचा खटका फोनजवळ धरून एकदा बरोबर बसवला, एकदा चूक. तिसऱ्यात जिभेने करून दाखवलं, कारण दुसऱ्यात मधेच शेजारचा लोहार ठोकायला लागला. शेवटी म्हणालो, "बाबा रे, तू माझा खटका घेतलास ते मी विसरायला तयार आहे" — हे खोटं, पण निरोपात शोभलं.

"लिहूनच का नाही पाठवत?" ही म्हणाली. "द्या, मी टाइप करते."

"टक् लिहून कळतं का कुणाला?"

ती उठली, पंखा पुसायला गेली. पंखा स्वच्छच होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

निरोप पोचले. बघितल्याची खूण आली. उत्तर नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर नाही. आणि लोकांच्या लेखी प्रश्नांना मात्र उत्तरं देतोय! कुणी विचारलं कोबी कुठला घेता, त्याला उत्तर. कुणी विचारलं हातमोजे का घालत नाही, त्याला उत्तर, वर धन्यवाद. माझे तीन निरोप, आठ मिनिटं, जिभेला फोड येईपर्यंत टक्टक् केलेली — त्याला एक अक्षर नाही.

मोठेपणा चढलाय. नऊ लाख अकरा हजारांचा मोठेपणा. माझा आवाज ऐकायचीसुद्धा तसदी नको! जा म्हणावं. उभा राहा समोर. मला काय त्याचं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रंगीत तालीम टाकली त्याने. बत्तीस पट्ट्या. चरक फिरवताना हातांच्या शिरा फुगल्या होत्या. खटका बसला — टक्-टक्. मग तो चौकटीसमोर आला, कोबी ठेवायला वाकला.

आणि मी खुर्चीसकट मागे सरकलो. इथे! घरात! फोनपासून! खुर्ची भिंतीवर आपटली, ही आतून धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही. टिकला या वेळी."

"या वेळी म्हणजे?"

मी सांगितलं. ती शेजारच्या खुर्चीवर बसली. तिने फोन हातात घेतला, ते हात वाकलेले बघितले, आणि फोन पालथा ठेवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मीच तिला म्हणालो, घे टाइपायला.

ती टाइपरायटरपुढे बसायची तशीच ताठ बसली. मी येरझाऱ्या घालत सांगायला लागलो. "लिही: कान देऊन ऐक..."

"ऐकण्याशिवाय दुसरी काही खूण आहे?"

"अगं, आवाज हीच खूण!"

"तो आवाज तुमच्या मेहुण्याला आला नाही. मला आला नाही. त्यालाही येत नसेल. डोळ्यांना दिसेल असं काही सांगा."

थांबलो. बत्तीस वर्षांत या बाईला कुलपातलं काही कळत नाही असं मी धरून चाललो होतो. "पेटीचे चार स्क्रू काढून झाकण उघडलं तर दिसेल. आकडा कडेवर टेकलेला दिसेल."

"उघडताना सुटला तर?"

"बाजूला उभं राहून उघडायचं. समोर कोणी नको."

तिने सहा ओळींत बसवलं. माझे दातही एका ओळीत आले. चोरीचा उल्लेख गाळला. मी म्हटलं, तो घाल. म्हणाली, "नंतर सवडीने भांडा. आधी माणूस तर शाबूत राहू दे." आणि पाठवून टाकलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

अकरा वाजता लाइव्ह. आम्ही तिघं एका फोनपुढे. मेहुण्याने शेंगदाणे आणले होते, कुणी खाल्ले नाहीत.

हात आले. चरक फिरला. खटका बसला. मी हिचा हात घट्ट धरला. "दोन?" तिने विचारलं. मी मान डोलावली.

कोबी टेबलावर होता. हात कोबीकडे गेले, त्यावर थांबले. मग कोबी सोडून त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. माणूस चौकटीच्या बाजूला गेला! एक स्क्रू, दोन, तीन, चार. झाकण निघालं. कॅमेरा जवळ आला. आकडा खाचेच्या कडेवर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर टेकलेला. ते हात, डबा पडला तेव्हा न हललेले हात, थरथरत होते.

त्याने लांब काठी घेतली आणि बाजूनेच पेटीला नुसती टेकवली. काठीचा धक्का तो काय! धाड! रिकामं चामडं समोरच्या हवेतून गेलं आणि चौकटीचा पुढचा दांडा मोडून लोंबकळला. तिथे त्याची छाती असायची.

मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी... दोनच होते."

मग हातांनी पाटी घेतली, खडूने लिहिलं: 'आज इथेच थांबतो.' खाली आणखी एक ओळ. मी पुढे वाकलो. आता तरी!

'अक्षरं लिहिणाऱ्यांचे आभार.'

झालं! जीव वाचवला मी, आणि आभार त्याच कुणा अक्षरवाल्यांचे! ही रडत होती, मेहुणा टाळ्या वाजवत होता, आणि मला — लिहून टाकतो — माझं नाव नसल्याचंच खुपत होतं. मेला असता तर बरं झालं असतं असं नाही हां. पण नाव लिहायला खडू काही कमी पडत नव्हता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

त्याचं उत्तर आलं. हिने वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं.

'मामा, मला जन्मापासून ऐकू येत नाही. तुमचे तीन निरोप आले, पण ऐकून सांगणारी बहीण बाहेरगावी होती. हे सगळं काम मी तुमच्या व्हिडिओंवरून शिकलो, खालची अक्षरं वाचून. ती लिहिणाऱ्यांचं नाव कुठे दिसलं नाही, म्हणून आभार तसेच मानतो. खटक्याचा व्हिडिओ पन्नास वेळा पाहिला असेल. "आता ऐका. हे बरोबर. हे चूक. कळलं ना?" दोन्ही वेळा पेटी सारखीच दिसत होती. कळलं नव्हतं, मामा.'

ही सकाळपासून पहिल्या व्हिडिओपासून ते कंस परत घालत बसली आहे. मी शेजारी बसून ऐकून सांगतोय, इथे एक, इथे दोन. पाणी प्यायला उठलो तेवढ्यात हे लिहिलं.

आतून विचारते आहे, "अहो, रबराची किरकिर पण लिहू?"

लिही म्हटलं. सगळं लिही.